बधिरांध बालक : शस्त्रक्रियेची पूर्वतयारी आणि स्पर्शाची भाषा

मूल बोलावयास शिकते ते ऐकून, आणि ऐकलेल्या शब्दाचा अर्थ त्याला उमगतो तो पाहून. आई ‘दूध’ म्हणते तेव्हा तिच्या हातातील वाटी मुलाला दिसत असते. ‘बाबा आले’ असे घरात कोणी म्हटले की मुलाची मान दाराकडे वळते. ज्या बालकाचे कान आणि डोळे ही ज्ञानाची दोन्ही द्वारे जन्मतःच किंवा अगदी लहानपणी मंदावलेली असतात, त्याचे जग मात्र हाताच्या टप्प्यापुरतेच उरते. जवळचे माणूस दोन पावले दूर गेले की त्याच्या लेखी ते नाहीसे होते. कोणी अचानक उचलले तर का उचलले आणि कोठे नेले, हे त्याला समजत नाही. अशा बालकावर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तेव्हा केवळ तपासण्या आणि कागदपत्रे पूर्ण करून भागत नाही. त्या बालकाचीही तयारी करावी लागते, आणि ती बहुतांशी घरातच होऊ शकते.

बधिरांधत्व म्हणजे काय?

बधिरांध या शब्दावरून पूर्ण अंधार आणि पूर्ण निःशब्दता डोळ्यांपुढे येते. परंतु अशी बालके थोडी असतात. पुष्कळांना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते. मात्र दोन्ही उणिवा एकत्र आल्या की एका इंद्रियाची कसर दुसऱ्याने भरून निघत नाही. म्हणूनच हे केवळ अंधत्व नव्हे आणि केवळ बहिरेपणाही नव्हे. ते स्वतंत्र प्रकारचे अपंगत्व आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत बहुविकलांगतेखाली बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

याची कारणे अनेक आहेत. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईस रुबेलाचा संसर्ग झाल्यास बाळास मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयदोष एकत्रितपणे होऊ शकतात. रुबेला आणि जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये प्रथम दाखवून दिला. हे कारण लसीने टाळता येते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली आणि आज ही लस नियमित लसीकरणात दिली जाते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, मेंदूज्वर आणि काही आनुवंशिक विकार ही आणखी कारणे होत. ‘अशर’ नावाच्या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते, उशिरा बसू व चालू लागते, आणि दृष्टी मात्र पुढे काही वर्षांनी क्षीण होऊ लागते. म्हणून बहिरे मूल चालण्यातही मागे असेल, तर त्याच्या डोळ्यांची तपासणी आवर्जून करून घ्यावी.

वेळेचे महत्त्व

मेंदूतील श्रवणाचे केंद्र आयुष्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वाधिक ग्रहणक्षम असते. त्या काळात ध्वनी पोहोचला नाही तर पुढे यंत्र बसवूनही त्याचा लाभ मर्यादित राहतो. जन्मजात दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तर पहिल्या काही आठवड्यांतच होणे इष्ट असते. मेंदूज्वरानंतर बहिरेपणा आला असेल, तर अंतर्कर्णातील शंखाकृती पोकळीत हाड भरू लागण्याची शक्यता असते. मग यंत्राची तार आत घालणे कठीण होते. अशा वेळी काही आठवड्यांचा विलंबही महाग पडतो.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी केली जाते. वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, आणि दोष आढळलेल्या बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तथापि पथकाच्या भेटीची वाट पाहत बसू नये. मोठ्या आवाजाने न दचकणारे, आईच्या चेहऱ्याकडे नजर न लावणारे किंवा डोळे सतत चोळणारे बाळ आढळले, तर आशा कार्यकर्तीने आणि अंगणवाडी सेविकेने त्याच आठवड्यात पुढील तपासणीची व्यवस्था करावी.

यंत्र काय करते आणि काय करीत नाही

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. कॉक्लिअर इम्प्लांटचे कार्य निराळे आहे. कानावर लावलेला बाह्य भाग ध्वनी टिपून त्याचे विद्युत संकेतांत रूपांतर करतो. लोहचुंबकाच्या साहाय्याने डोक्यास चिकटणाऱ्या चकतीतून ते संकेत कातडीखालील भागाकडे जातात आणि तेथून अंतर्कर्णातील बारीक तारेवाटे श्रवण मज्जातंतूस उत्तेजित करतात.

याचा अर्थ असा की यंत्र ध्वनी पोहोचविते, भाषा पोहोचवीत नाही. डोळस बालकास आवाज कोठून आला हे पाहून कळते. बधिरांध बालकास ते कोणी तरी हाताशी धरून दाखवावे लागते. काही बालके पुढे बोलू लागतात. काहींना हाक, दाराची कडी आणि वाहनाचा भोंगा ओळखता येतो, पण बोलणे साधत नाही. तेवढाही लाभ मोठाच आहे; कारण दूर असलेल्या आईचे अस्तित्व तिच्या आवाजाने प्रथमच कळू लागते. फळ किती मिळेल याचे आश्वासन मात्र कोणीही देऊ नये, आणि घेऊही नये.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या

बालकास झोपवून श्रवण मज्जातंतूचा प्रतिसाद मोजणारी ‘बेरा’ तपासणी केली जाते. काही महिने श्रवणयंत्र वापरून पाहिले जाते. सीटी स्कॅन व एमआरआय यांवरून अंतर्कर्णाची रचना आणि मज्जातंतूची स्थिती कळते. यंत्रातील लोहचुंबकामुळे नंतर एमआरआय करणे अवघड होते. म्हणून मेंदूची किंवा डोळ्यांमागील भागाची प्रतिमा हवी असल्यास ती आधीच घेतली जावी, असे नेत्रतज्ज्ञ व कर्णतज्ज्ञ यांनी परस्परांशी बोलून ठरवावयास हवे. रुबेलाग्रस्त बालकाची हृदयतपासणी आवश्यक असते. मेंदूज्वराचा धोका टाळण्यासाठी न्यूमोकोकल लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेली असावी. बालकास थोडे ऐकू येत असेल, तर शस्त्रक्रिया झालेल्या कानातील ते उरलेसुरले ऐकणे नाहीसे होऊ शकते, ही गोष्टही पालकांनी आधी समजून घ्यावी.

स्पर्शाची भाषा आजपासून

यंत्र बसेपर्यंत भाषेची वाट पाहणे ही सर्वांत मोठी हानी होय. हेलन केलर यांची दृष्टी आणि श्रवण वयाच्या १९ व्या महिन्यात आजाराने गेले. त्यांच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन मार्च १८८७ मध्ये त्यांच्या घरी आल्या, तेव्हा हेलन जवळजवळ सात वर्षांच्या होत्या. पुढील महिन्यात पंपाखाली एका हातावर पाणी पडत असताना दुसऱ्या हातावर बोटांनी लिहिलेला शब्द त्यांना उमगला. तोवरची वर्षे काही घरगुती खुणांवरच निभली होती. आजच्या बालकास इतकी वर्षे थांबण्याचे कारण नाही.

आरंभ साध्या गोष्टींनी करावा. प्रत्येक माणसाची एक ठरलेली स्पर्शखूण असावी : आईने जवळ येताच बांगड्या बालकाच्या हातास लावाव्यात, आजोबांनी मिशीवरून त्याचा हात फिरवावा, वडिलांनी मनगटावरील घड्याळ चाचपू द्यावे. प्रत्येक कामाची एक वस्तू असावी : आंघोळीस तांब्या, जेवणास वाटी, झोपेस गोधडीचा तुकडा, बाहेर जाण्यास टोपरे. काम सुरू होण्यापूर्वी ती वस्तू हाती द्यावी, क्षणभर थांबावे आणि मगच बालकास उचलावे. काम संपले की ती ठरलेल्या टोपलीत टाकून दोन्ही तळहातांनी ‘संपले’ ही खूण करावी. उचलण्यापूर्वी खांद्यावर किंचित दाब द्यावा. हे सर्व घरातील प्रत्येकाने सारखेच करावे. खुणा रोज बदलल्या तर त्यांची भाषा होत नाही.

वस्तू दाखविताना बालकाचा हात धरून ओढू नये. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा आणि आपण काय करतो ते त्याला चाचपू द्यावे. हातच त्याचे डोळे आहेत. ते बळाने धरणे म्हणजे त्याचे पाहणेच थांबविणे होय. नेदरलँड्समधील शिक्षक यान व्हान डाइक यांनी रुबेलाग्रस्त बधिरांध मुलांबरोबर काम करताना प्रथम मुलाच्या हालचालीत सामील होण्याची पद्धत विकसित केली. मूल डोलत असेल तर आपणही डोलावे, मग थांबावे; पुन्हा डोलण्यासाठी मूल आपल्यास स्पर्श करील. तो स्पर्श म्हणजे त्याने केलेली पहिली मागणी असते.

रुग्णालयाची ओळख

शस्त्रक्रियेच्या किमान एक-दोन महिने आधी पुढील सराव सुरू करावा. नंतर डोक्यास पट्टी बांधली जाते. म्हणून रोज थोडा वेळ मऊ कापड किंवा कुंची बांधावी व ‘संपले’ ही खूण करून काढावी. कानामागे बोटाने हलकेच दोनदा टेकणे ही पुढे यंत्राची खूण होईल, ती आताच ठरवावी. गॉज, चिकटपट्टी आणि भूल देण्याचा मुखवटा डॉक्टरांकडून मागून घेऊन बालकास खेळू द्यावा. शक्य झाल्यास रुग्णालयास एक-दोनदा भेट देऊन खाट, जिना व दरवाजा हातांनी ओळखू द्यावा. रुग्णालयासाठीही एक वस्तू ठरवावी आणि तीच प्रत्येक भेटीत वापरावी.

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठी एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून खाटेस लावाव्यात : स्पर्श करण्यापूर्वी खांद्यावर हात ठेवा, हात बांधू नका, सुई शक्यतो पायास लावा, चष्मा असल्यास भूल चढेपर्यंत राहू द्या व शुद्धीवर येताच परत लावा. भूल देताना आणि बालक जागे होताना आई किंवा वडील जवळ असावेत, अशी विनंती आधीच करावी. जागे होणाऱ्या बालकाच्या हातास प्रथम आईच्या बांगड्या लागाव्यात. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस तोल जाण्याची शक्यता असते. कमी दिसणाऱ्या बालकास त्या काळात अधिक आधार द्यावा. ताप, उलट्या, जखमेतून स्राव किंवा कानामागे सूज दिसल्यास तात्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

यंत्र सुरू झाल्यानंतर

शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः दोन ते चार आठवड्यांनी यंत्र प्रथम सुरू केले जाते. पहिल्या ध्वनीने बालक दचकेल, रडेल किंवा स्तब्ध होईल. ध्वनीची पातळी पुढे अनेक भेटींत हळूहळू वाढविली जाते. या भेटी चुकवू नयेत. यंत्र लावण्यापूर्वी कानामागची ठरलेली खूण करावी. काढतानाही खूण करावी, कारण आंघोळीच्या व झोपेच्या वेळी त्याच्या लेखी सारा आवाज एकदम नाहीसा होतो.

घरात प्रथम एकेकच आवाज द्यावा आणि त्याचा उगम हातास दाखवावा. ढोलकीवर त्याचा हात ठेवून वाजवावी, मग थांबवावी. नळ सोडून पाण्याखाली हात धरावा. नावाने हाक मारताना ओळखीची स्पर्शखूणही करावी. दूरदर्शन संच त्या वेळी बंद असावा. यंत्र आले म्हणून खुणा बंद केल्या, तर बालकाची जुनी भाषा जाते आणि नवी अजून आलेली नसते. मग ते यंत्र ओढून काढू लागते आणि महागडे उपकरण कपाटात पडून राहते. स्पर्शाच्या खांद्यावर बसूनच आवाज घरात येतो.

यंत्राचा बाह्य भाग पावसाळ्यात ओलाव्यापासून जपावा. रात्री तो आर्द्रता शोषणाऱ्या डबीत ठेवावा. लहान गोल बॅटऱ्या बालकाच्या हाती लागणार नाहीत याची दक्षता घ्यावी. त्या गिळल्यास जीवास धोका असतो.

गावाने काय करावे?

केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेखाली पाच वर्षांपर्यंतच्या पात्र बालकांस कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेले अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थान या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. बधिरांध मुलांच्या शिक्षणाचे कार्य मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर द डेफ अँड डेफब्लाइंड ही संस्था १९७७ पासून करीत आली आहे. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांपैकी एक कागद अडला तरी महिने जातात, आणि ते महिने बालकाच्या वयातून वजा होतात. ग्रामसेवक आणि तलाठी यांनी असे प्रकरण इतर अर्जांच्या रांगेत ठेवू नये.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या भेटींचा प्रवास, बॅटऱ्या, तुटलेली तार यांसारख्या लहान खर्चांपायी यंत्र बंद पडू नये, म्हणून नियमांच्या चौकटीत या निधीतून कोणते साहाय्य देता येईल, याचा विचार ग्रामसभेत व्हावा. शिक्षकांनी शाळेतील मोठ्या मुलांना त्या बालकाच्या स्पर्शखुणा शिकवाव्यात. अंगणवाडीत त्याची वस्तू, त्याची जागा आणि त्याची खूण ठरलेली असावी.

शस्त्रक्रिया शल्यविशारद काही तासांत करतात. त्यापूर्वीचे महिने आणि त्यानंतरची वर्षे आईच्या, सेविकेच्या, शिक्षकाच्या आणि शेजाऱ्यांच्या हातांत असतात. आपल्या गावात असे एखादे बालक असेल, तर त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून आपण आल्याचे त्याला कळवावे. एवढे आजच, कोणत्याही मंजुरीविना करता येण्यासारखे आहे.