आखाडातलं उरलेलं कोंबडं

पोरी, आखाडात रविवारी कोंबडं कापलं आणि पावसानं पाहुणे भोरातच अडकले, की टोप अर्धा तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी सोमवार. आपल्यात सोमवारी वशाट चालत नाही, म्हणजे उरलेलं थेट मंगळवारी. उरलेल्याचा स्वयंपाक वार बघून करायचा असतो, तो रविवारी रात्रीच सुरू होतो.

जेवणं उरकली की टोप चुलीच्या उबेला ठेवून झोपू नकोस. परातीत गार पाणी घे, त्यात टोप ठेव, ढवळत राहा. निवलं की पसरट डब्यांत काढून फ्रिजात, 2 तासांच्या आत. आणि वेल्ह्यात (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, माझ्या तोंडी बसत नाही) तोरण्यावर ढग उतरला की लाईट जाते. फ्रिजचं दार सारखं उघडून बघायचं नाही. 4 तासांच्या वर लाईट नसली तर जीव अडकवू नकोस, टाकून दे. सासूबाई सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळी आणायच्या, पण तेव्हा फ्रिज कुठं होता?

मंगळवारी आधी हाडं वेगळी काढ. टोपातली, ताटातली उष्टी नव्हेत, हे सांगावं लागतं! मान, पंजे, पाठ, सगळं पाण्यात टाक, हळद आणि आल्याचा तुकडा घाल, मीठ नको. मंद आचेवर तासभर. गावठी असेल तर आणखी अर्धा तास. ब्रॉयलर असेल तर त्याचं मांस हाडांबरोबर अजिबात उकळू नकोस, भुगा होतो. सोडवून बाजूला ठेव, शेवटी घालायचं.

वाटण नव्यानं कर, पण निम्मं. रविवारचा मसाला मांसात मुरलेलाच असतो. कांदा अख्खा निखाऱ्यात टाकून वरची साल काळी होऊ दे. सुकं खोबरं तांबूस भाज, लसूण नि कोथिंबीर घाल, पाट्यावर वाट. मिक्सरला वाटलंस तरी मी काही म्हणणार नाही. मग मूठभर नाचणीचं पीठ कोरड्या तव्यावर खमंग भाजून गार पाण्यात कालव आणि रश्शात सोड. पातळ रस्सा चमच्याला धरायला लागतो.

तुझा दीर अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला असतो. तिकडं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी टर्की भाजतात (गुरुवारी, बघ!) आणि उरलेल्या हाडांचा गंबो करतात. पीठ तेलात चॉकलेटी होईपर्यंत परततात, कांदा, ढोबळी मिरची, सेलरी घालतात, कुणी भेंडी घालतं, आणि भातावर ओततात. गंबो हा शब्दच मुळात आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आला, असं तो सांगतो. मी म्हटलं, अरे, हाडांचं पाणी, भाजलेलं पीठ, खाली भात. आमचंच की! भेंडीची चिकटाई मात्र आपल्या रश्शाला नको.

बटाट्याच्या फोडी घाल. खारटपणा शोषायला म्हणून नाही, माणसं वाढली की पुरवठ्याला. रस्सा खारट झालाच तर हाडांचं अळणी पाणी वाढव. मीठ अगदी शेवटी, चाखून. हाडांचं वाटीभर अळणी पाणी पोरांसाठी आधीच काढून ठेव.

आता मांस घाल आणि सगळ्याला एकदा चांगली उकळी येऊ दे, नुसतं कोमट करून वाढू नकोस. जेवढं खपेल तेवढंच तापव. खाली इंद्रायणीचा चिकट भात, शेजारी तांदळाची भाकरी, कच्चा कांदा.

आणि गटारीच्या रात्री मात्र कोंबडी मोजून आण. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, मग उरलेलं खायला महिनाभर कुणी नाही.