सहा गठ्ठे : कार्यालयीन कामाचा भार हलका करण्याची एक रीत

(बी. ए. द्वितीय वर्ष)

“सरकारी काम आणि सहा महिने थांब” ही म्हण आपल्याकडे लहान मूलही जाणते. म्हण म्हणताना आपण हसतो आणि बहुधा दोष खुर्चीवरच्या माणसाला देतो. मीही तेच करीत होते. परंतु गेल्या वर्षी ‘कमवा व शिका’ योजनेखाली आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात रोज दोन तास काम करण्याची संधी मिळाली आणि त्या खुर्चीच्या अलीकडची बाजू मला प्रथमच दिसली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तोवर कार्यालय म्हणजे बाबांच्या मागे उभे राहून खिडकीतून पाहायची जागा, एवढीच माझी समजूत होती. दोन्ही बाजूंनी जे पाहिले आणि वाचले, ते विद्यार्थी मित्र-मैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

एका अर्जाची गोष्ट

माझे आजोबा २०२२ च्या उन्हाळ्यात वारले. आमची तीन एकर धानाची शेती त्यांच्या नावावर होती. वारसाची नोंद व्हावी म्हणून बाबांनी एका कार्यालयात अर्ज दिला. रीतीप्रमाणे अशी नोंद प्रथम गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत व नंतर गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत होते, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. आमच्या बाबतीत मृत्यूच्या दाखल्यावरचे आजोबांचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. त्याचा खुलासा मागणारे पत्र कार्यालयाने लिहिले. ते पत्र आम्हाला मिळाले नाही. कार्यालय आमच्या उत्तराची वाट पाहत राहिले आणि आम्ही कार्यालयाच्या निर्णयाची. असे दोन खरीप हंगाम गेले.

सातबाऱ्यावर बाबांचे नाव नाही, म्हणून आधारभूत खरेदी केंद्रावर त्यांची नोंदणी होईना. २०२३-२४ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये होती. आम्हाला घरचे खाण्यापुरते ठेवून उरलेला तीस क्विंटल धान व्यापाऱ्याला सुमारे चारशे रुपये कमी भावाने द्यावा लागला. त्याआधीच्या हंगामातही तसेच झाले. एका हंगामाचे बारा हजार, दोन हंगामांचे चोवीस हजार, आणि बोनस बुडाला तो वेगळाच. माझ्या बारावीच्या शिकवणीचा विषय त्या वर्षी घरात कोणी काढला नाही.

२०२४ मध्ये त्या टेबलावर नवे बाबू आले. त्यांनी आल्याबरोबर सगळे कागद खाली काढून लावले. आमचा अर्ज त्यात निघाला आणि पुढचे काम महिना-दीड महिन्यात झाले. मी रागाने बाबांना म्हटले, “आधीचा माणूस आळशीच होता.” बाबा म्हणाले, “नाही गं. तो रात्री आठ-आठपर्यंत बसून राहायचा. डोके धरून बसायचा. दोन माणसांचे काम होते त्याच्याकडे.”

बाबांचे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. जो माणूस रात्री आठपर्यंत काम करतो, त्याच्या हातून एक कागद दोन वर्षे पडून कसा राहतो?

ताण कशाचा?

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळाले. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस होते. महाडीबीटीवर भरलेल्या अर्जांच्या छापील प्रती व दाखले तपासून लावण्याचे काम माझ्याकडे होते. येईल तो कागद मी आधीच्या कागदावर ठेवीत गेले. कोणी विचारले की सगळा ढीग उपसायचा, आणि मग पुन्हा तसाच ठेवायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रात्री झोप लागेना. एखाद्याचे काही राहिले तर, ही धास्ती सारखी असे. आणि राहिलेच. माझ्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला नव्हता. तिला सांगायचे म्हणून तो अर्ज मी बाजूला ठेवला, आणि त्यावर दुसरे अर्ज आले. मुदत संपायला एक दिवस उरला असताना तो सापडला. मुदत वाढली म्हणून निभावले, माझ्या कर्तबगारीने नव्हे.

मी रडवेली झाले होते. आमचे बडे बाबू रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बेटा, कागद हरवत नाही. तो दुसऱ्या कागदाखाली दबते. ढीग लावायचा नाही, गठ्ठे लावायचे.”

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही या धास्तीचा विचार केलेला आहे. ब्ल्यूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ मध्ये असे मांडले की, अपुरे राहिलेले काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मनात अधिक घोळत राहते. हा निष्कर्ष पुढे प्रत्येक प्रयोगात तसाच आला असे नाही. परंतु २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमाईस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखविलेली गोष्ट आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. अपुरे काम मनाला टोचत असले, तरी ते केव्हा व कसे करायचे हे नेमके ठरविले की, काम पुरे झालेले नसतानाही ती टोचणी कमी होते. म्हणजे मनाला शांत व्हायला काम संपावेच लागते असे नाही. कामाला त्याची जागा आणि तारीख मिळावी लागते.

सहा गठ्ठे

हीच जागा आणि तारीख देणारी एक साधी रीत महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांत ‘सहा गठ्ठे पद्धत’ या नावाने ओळखली जाते. टेबलावरचा प्रत्येक कागद पुढील सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे.

१. प्रलंबित प्रकरणे : ज्यांवर आपल्यालाच कार्यवाही करायची आहे ती.
२. प्रतीक्षाधीन प्रकरणे : आपण आपले काम केले आहे, पण दुसऱ्याचे उत्तर यायचे आहे अशी.
३. नियतकालिके : दर आठवड्याला, महिन्याला किंवा वर्षाला पाठवायची विवरणपत्रे.
४. स्थायी आदेश : शासनाचे निर्णय, परिपत्रके, नियम, वारंवार पाहावी लागणारी.
५. अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे : काम संपलेली, परंतु जपून ठेवायची.
६. नष्ट करायचे कागद : ‘ड’ वर्गातले, मुदत संपल्यावर रीतसर काढून टाकायचे.

अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ वर्ग कायमचा जपायचा, ‘ड’ वर्ग थोड्या काळाचा. शेवटचे दोन गठ्ठे वेळेवर हलले नाहीत, तर मेलेले कागद जिवंत कागदांच्या उरावर बसतात. कपाटे भरलेली, टेबल भरलेले आणि माणूस त्याखाली दबलेला, असे चित्र मग दिसते.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो दुसरा गठ्ठा. त्यातल्या प्रत्येक कागदावर स्मरणपत्राची तारीख लिहिलेली असली पाहिजे. उत्तर आले नाही तर त्या दिवशी पुन्हा पत्र जायचे. आमचा अर्ज याच गठ्ठ्यात जायला हवा होता. पत्र लिहिले, त्या दिवशी कागदाच्या कोपऱ्यात पुढच्या महिन्याची एक तारीख लिहिली असती, तर आमचे दोन हंगाम वाचले असते. तारीख नसलेला प्रतीक्षाधीन कागद म्हणजे विसरलेला कागद, असे माझे मत झाले आहे.

या पद्धतीला जोड असते ती नोंदवहीची. आलेले टपाल आवक नोंदवहीत चढते. तिला जुन्या बोलीत बारनिशी म्हणतात. त्यानंतर प्रत्येक कर्मचारी आपल्याकडे आलेला कागद आपल्या कार्यविवरण नोंदवहीत लिहितो आणि आठवड्याच्या शेवटी गोषवारा काढतो : मागील शिल्लक किती, नवे किती आले, निकाली किती निघाले, उरले किती. बडे बाबूंनी मला तो काढायला लावला. मागील शिल्लक ४२, नवे ३१, एकूण ७३, निकाली ३८, शिल्लक ३५. त्या ३५ पैकी २० प्रतीक्षाधीन. म्हणजे माझ्या हातात खरे काम होते ते १५ कागदांचे! जो डोंगर आठवडाभर माझ्या छातीवर होता, तो कागदावर मांडल्यावर एका दुपारचा निघाला. त्या रात्री मला झोप लागली.

नगरचा प्रयोग

कार्यालय लावणे ही क्षुल्लक बाब नव्हे, हे महाराष्ट्राला ठळकपणे दाखवून दिले ते अनिलकुमार लखिना यांनी. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी होते. त्यांनी नवा कायदा आणला नाही. जुने अभिलेख वर्गवार लावून घेतले, कोणाकडे कोणते काम हे स्पष्ट केले, कामाचे टप्पे लिहून दिले, कर्मचाऱ्यांना शिकविले, बैठकीची मांडणी बदलली आणि लोकांचे अर्ज एका खिडकीवर घेण्याची सोय केली. हा प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर गाजला. पुढे २०१७ मध्ये पुणे विभागाचे तत्कालीन आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम राबविली. जुने साठलेले निकाली काढायचे आणि त्या दिवसाचे काम त्या दिवशी करायचे, असा तिचा रोख होता.

कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याने नस्ती सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ आपल्याकडे ठेवू नये, तातडीची चार दिवसांत आणि अतितातडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली काढावी, असे बंधन आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्कच केला आणि न मिळाल्यास अपिलाचीही सोय केली. परंतु सात दिवस मोजायचे तर कागद कोठे आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. ढिगात पडलेल्या कागदाचे दिवस कोण मोजणार?

पद्धतीची मर्यादा

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. एका माणसाकडे दोन माणसांचे काम असेल, तर गठ्ठे लावून त्याचे एका माणसाचे काम होत नाही. पदे रिकामी ठेवायची आणि उरलेल्यांना टापटिपीचे धडे द्यायचे, हा न्याय नव्हे. मात्र गोषवारा अशा वेळीही उपयोगी पडतो. “साहेब, खूप काम आहे” या तक्रारीला कोणी दाद देत नाही. “आठवड्याला साठ कागद येतात आणि चाळीसच निघू शकतात” या आकड्यांना उत्तर द्यावे लागते. म्हणजे गोषवारा हे कर्मचाऱ्याच्या हातातलेही साधन आहे.

दुसरी शंका संगणकाची. आता कागद कमी झाले, मग गठ्ठे कशाला, असे माझ्या मित्रांनी विचारले. परंतु संगणकाच्या पडद्यामागेही ढीग साठतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. वाट पाहणारा अर्ज आणि विसरलेला अर्ज यांतला फरक यंत्रातही माणसालाच करावा लागतो.

समारोप

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडून एका दाखल्यासाठी येणाऱ्या माणसाचा एक दिवस आणि एक मजुरी बुडते. “उद्या या” हे दोन शब्द खिडकीच्या आतून सोपे असतात, बाहेरून त्यांची किंमत रोख मोजावी लागते. कामाचा ताण आत बसलेल्याला होतो हे खरे; पण न लावलेल्या कामाचा जास्त भार बाहेर उभ्या असलेल्यावर पडतो, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

आपल्यापैकी अनेकजण आज स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. उद्या त्यांतले काही त्याच खुर्च्यांवर बसतील. पहिल्या दिवशी टेबलावर आधीच्या माणसाचा ढीग असेल. त्या ढिगात कोणाचे दोन हंगाम, कोणाची शिष्यवृत्ती अडकलेली असेल. म्हणून पहिला दिवस कागद लावण्यात घालवावा आणि वाट पाहणाऱ्या प्रत्येक कागदावर एक तारीख लिहावी, एवढेच मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आमच्या सातबाऱ्यावर आता बाबांचे नाव आहे. यंदा मी माझ्या अभ्यासाच्या टेबलावरही गठ्ठे लावले आहेत. ‘नष्ट करायचे’ हा गठ्ठा सर्वांत मोठा निघाला!