ओव्हरटाइमवर संसार मांडू नकोस

बाई गं, वाळूजला भाड्याची खोली घेऊन संसार मांडणाऱ्या तुझ्यासारख्या पोरींना मला एकच सांगायचंय. घर चालवायचं ते पगारावर, ओव्हरटाइमवर नाही.

कंपनीत काम जोरात असलं की हातात भरपूर येतं. कायद्यानेच ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. त्या भरवशावर गाडी येते, फ्रीज येतो, हप्ते सुरू होतात. मग ऑर्डर घटली की सगळ्यांत आधी ओव्हरटाइमच बंद होतो, हप्ता थांबत नाही. शिवाय ओव्हरटाइमवर पीएफ कापला जात नाही. म्हणजे जागून कमावलेल्या त्या पैशातून म्हातारपणासाठी आपोआप काहीच साठत नाही, ते तुम्हालाच बाजूला काढावं लागतं.

म्हणून नवऱ्याकडून पगाराची स्लिप मागून घे, लाजू नकोस. पगार वेगळा मांड, ओव्हरटाइम वेगळा. भाडं, किराणा, गॅस, शाळेची रिक्षा पगारातून. पाण्याचा टँकरही त्यातच धर. जायकवाडी भरलं तरी आपल्याकडे कित्येक वस्त्यांना टँकर चुकत नाही, तेव्हा तो वरखर्च समजू नकोस.

ओव्हरटाइमचे पैसे जूनसाठी राख. वह्या-पुस्तकं आणि गावाकडची पेरणी एकदमच येतात. वैजापूर, गंगापूर, पैठणकडचं सासर असलं की बियाण्यासाठी फोन येणारच, आणि यायलाही हवा, ती आपलीच माणसं आहेत. रक्कम आधी ठरलेली असली की त्यावरून दोघांत धुसफूस होत नाही.

हे पैसे पोस्टात ठेव, नाहीतर बँकेत. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. २०२३ मध्ये आपल्याच शहरात आदर्श पतसंस्थेचे ठेवीदार स्वतःचेच पैसे मागत रस्त्यावर उतरले होते. मला ते आठवलं की अजून पोटात कालवतं. जास्त व्याजाला भुलू नकोस गं. भिशी लावायचीच तर ओळखीतली, छोटी लाव.

आणि नाइट करून आलेल्या माणसापुढे सकाळी हिशेब काढू नकोस. त्याला झोपू दे. सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर दोघं मिळून कागद घेऊन बसा. तू शिवण करत असशील, डबे देत असशील, लाडक्या बहिणीचे १५०० येत असतील, तर तेही त्याच कागदावर लिही. तुझी कमाई किरकोळ म्हणून बाजूला ठेवू नकोस.