पोर रोज घोरतंय? दोन रात्री नीट बघा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. ट्रॉलर धक्क्याला, पुरुष मंडळी रात्री घरी. एरवी पोरं कशी झोपतात ते आईलाच माहीत असतं. आता दोघांनी मिळून बघा.

पोर घोरलं की आपण म्हणतो, "दमलंय, गाढ झोपलंय." सर्दीत चार दिवस घोरणं वेगळं. पण सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढली की झोपेत श्वासाची वाट अडते. २ ते ८ वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं. वजन जास्त असलेल्या मुलांनाही होतं.

रात्री बघा:
• घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून धाप घेतं
• तोंड उघडं, मान मागे टाकून झोपतं
• खूप घाम, सारखी वळवळ
• बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू

दिवसा बघा:
• सकाळी डोकं दुखतं, उठवत नाही
• चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही
• वजन-उंची वाढत नाही

मोठ्या माणसाला झोप अपुरी झाली की पेंग येते. लहान पोर बऱ्याचदा उलट जास्त धुडगूस घालतं. म्हणून ते मस्तीखोर ठरतं आणि फुकट मार खातं. अंथरूण ओलं केलं म्हणून ओरडू नका, भावंडांसमोर हसू नका.

काय करायचं?
१. झोपेतला दोन-तीन मिनिटांचा मोबाईल व्हिडिओ काढा. छाती आणि तोंड दिसू दे, आवाज येऊ दे.
२. वर्गात लक्ष असतं का, ते बाईंना विचारा.
३. आरोग्य केंद्रात व्हिडिओ दाखवा. किती दिवस, आठवड्यात किती रात्री, ते सांगा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं का, ते स्वतःहून विचारा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात हा विभाग आहे.

कधी नाकातला स्प्रे पुरतो, कधी टॉन्सिल-ॲडेनॉइड काढावे लागतात. ऑपरेशनचं नाव ऐकून घाबरून घरी बसू नका, त्याने बऱ्याच मुलांना आराम पडतो. मात्र आपल्या मनाने झोपेचं किंवा सर्दीचं औषध पाजू नका.

ओठ निळे पडले किंवा श्वास घ्यायला फार त्रास होत असला तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आजी-आजोबांनाही हे वाचून दाखवा. पोरं बऱ्याचदा त्यांच्याच कुशीत झोपतात.

– सचिव