घरांतील वीज आणि तिसरी तार



विजेविषयीं आपण वर्गांत पुष्कळ शिकतां. विद्युत्प्रवाह म्हणजे काय, दाब म्हणजे काय, रोध म्हणजे काय, हीं उत्तरें आपणांस तोंडपाठ असतात. आणि गेऑर्ग ओम या जर्मन शिक्षकानें इ. स. १८२७ मध्यें प्रसिद्ध केलेला नियम तर आपण झोपेंतही म्हणून दाखवाल. परंतु ज्या घरांत आपण राहतों त्या घराच्या भिंतींतून ही वीज कोणत्या वाटेनें येते, कोणत्या वाटेनें परत जाते, आणि ती वाट चुकलीच तर तिला अडविण्याची कांहीं तजवीज आहे कीं नाहीं, हें आपल्यापैकीं किती जणांनीं पाहिलें आहे? हा प्रश्न आम्ही आपणांस विचारतों खरा, पण तो प्रथम आम्हीं आपल्या स्वतःस विचारावयास हवा होता. तो न विचारल्यामुळें आमच्या घरीं काय घडलें व त्यांतून आम्ही काय शिकलों, तें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा कसा असतो हें येथील मुलांस सांगावयास नको. नवतप्याच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. पूर्वीं अशा वेळीं दारांखिडक्यांस वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत असत. आतां त्या पडद्यांची जागा कूलरनें घेतली आहे. कूलर म्हणजे तरी काय? तोच वाळ्याचा पडदा. पुढें विजेचा पंखा व खालीं पाणी चढविणारा लहानसा पंप, एवढीच भर. पण या भरीमुळें एक विलक्षण योग जुळून येतो. पत्र्याची पेटी, तिच्या तळाशीं पाणी, त्या पाण्यांत बुडालेला विजेचा पंप, भोंवतालीं ओली झालेली फरशी, आणि त्या फरशीवर अनवाणी उभें असलेलें मूल! विजेचा धक्का बसण्यास जें जें लागतें तें सर्व येथें एकाच जागीं गोळा झालेलें असतें. विदर्भांत कूलरचा धक्का लागून माणसें दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यांत वर्तमानपत्रांत येतात, त्या याचमुळें.

आमच्या घरचा कूलर दोन उन्हाळे 'करंट मारीत' होता. पत्र्यास हात लागला कीं बोटांस झिणझिण्या येत. घरांतील सर्वांस त्याची संवय झाली होती. पाणी भरावयाचें तें रबरी चपला घालून, एवढी तोड आम्हीं काढली व तेवढ्यावर समाधान मानलें. पंधरा वर्षें वर्गांत ओमचा नियम शिकविणाऱ्या आम्हांस त्या झिणझिण्यांचा अर्थ कळत नव्हता असें नाहीं. पण कळणें निराळें आणि उठून कांहीं करणें निराळें. तिसऱ्या उन्हाळ्यांत, एप्रिल महिन्यांतील एका सकाळीं, आमची धाकटी मुलगी स्नान करून ओल्या पायांनीं कूलरपाशीं गेली, तिचा हात पत्र्यास लागला, आणि किंकाळी फोडून ती मागें फेकली गेली. मागें फेकली गेली म्हणूनच वांचली. तिची मूठ जर त्या पत्र्याच्या कडेवर मिटली असती तर काय झालें असतें, हा विचार आजही आम्हांस रात्रीं जागें करतो.

त्याच दिवशीं आम्हीं एका परवानाधारक वायरमनांस बोलाविलें. ते वयस्क गृहस्थ होते. त्यांनीं कूलरकडे पाहिलेंही नाहीं. आधीं तें सॉकेट पाहिलें, ज्यांत कूलरची पिन घातली होती. दोन तारा जोडलेला एक दिवा त्यांनीं काढला. फेज व न्यूट्रल या दोन छिद्रांत तारा घातल्या तेव्हां दिवा लागला. मग फेज व वरचें मोठें छिद्र यांत घातल्या; दिवा लागला नाहीं. मुख्य स्विच बंद करून त्यांनीं बोर्ड उघडला आणि आम्हांस जवळ बोलावून म्हणाले, "पाहा गुरुजी, भोकं तीन हायेत, पण वायरी दोनच हायेत जी."

आम्ही खालीं मान घालून उभे राहिलों. तें सॉकेट मागाहून बसविलेलें होतें, आणि तें बसवितांना थोडे पैसे वांचावे म्हणून परवाना नसलेल्या माणसास आम्हींच बोलाविलें होतें.

आतां या तीन तारांचें काम नीट समजून घ्या. आपल्या घरीं २३० व्होल्ट दाबाची वीज येते. फेजच्या तारेनें ती आंत येते व न्यूट्रलच्या तारेनें गांवांतील डी. पी. कडे परत जाते. या दोन तारा रोज राबतात. तिसरी हिरव्या रंगाची तार अर्थिंगची. ती उपकरणाच्या धातूच्या अंगास जोडलेली असते व तिचें दुसरें टोंक जमिनींत पुरलेल्या नळाशीं नेलेलें असतें. रोजच्या व्यवहारांत ही तार कांहींच काम करीत नाहीं. ती नसली तरी पंखा फिरतो, पाणी चढतें, थंड वारा येतो. म्हणूनच ती गाळण्याचा मोह होतो, आणि गाळलेली कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. परंतु पंपाच्या तारेवरील वेष्टन फाटून वीज पाण्यांत व पत्र्यांत उतरली, म्हणजे तिला जमिनींत जाण्यास एक सोपी वाट लागते. तिसरी तार असेल तर ती वाट तारेंतून जाते. नसेल तर ती हात लावणाऱ्याच्या देहांतून जाते.

तीन पिनांच्या प्लगांत अर्थिंगची पिन इतर दोहोंपेक्षां लांब व जाड कां असते, हें आपण कधीं विचारलें आहे काय? लांब अशासाठीं कीं, प्लग घालतांना ती सर्वांच्या आधीं जोडली जावी व काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटावी. जाड अशासाठीं कीं, ती चुकूनही फेजच्या छिद्रांत शिरूं नये. एवढा विचार करून बनविलेली वस्तु, आणि तिच्यामागें तारच नाहीं, याहून मोठी फसवणूक ती कोणती?

आम्हांस वाटलें, आतां तिसरी तार ओढली म्हणजे काम संपलें. पण वायरमनांनीं परसांत पुरलेला अर्थिंगचा जुना नळ पाहावयास मागितला. त्यांनीं यंत्र लावून मोजमाप केलें तों रोध ९० ओमांच्याही वर निघाला. हें कसें झालें? याचें उत्तर आपल्या मातीत आहे. आपल्याकडील काळी माती ओली असतां वीज चांगली वाहून नेते; परंतु उन्हाळ्यांत ती वाळते, आकसते, तिला हात हात भेगा पडतात, आणि नळाभोंवतीं पोकळी निर्माण होते. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग दुबळें होतें.

येथें ओमचा नियम लावून पाहूं. बिघाडाच्या वेळीं विजेच्या जमिनीमार्गे जाणाऱ्या वाटेचा एकूण रोध १० ओम आहे असें समजा. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर प्रवाह वाहील व ६ अँपिअरची फ्यूज लवकरच वितळून वीज बंद पडेल. तोच रोध १०० ओम झाला तर? प्रवाह अवघा २·३ अँपिअर. फ्यूजच्या दृष्टीनें कांहीं घडलेलेंच नाहीं! ती वितळणार नाहीं, आणि कूलरचा पत्रा जवळजवळ पूर्ण दाबानें भारलेला राहील. ओल्या देहाचा रोध सुमारें १००० ओम धरला, तर हात लावणाऱ्याच्या अंगांतून दोनशें मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. आतां हें लक्षांत घ्या कीं, अमेरिकेंतील बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर जे प्रयोग केले, त्यांत पुरुषास सरासरी १६ व स्त्रीस सरासरी १०·५ मिलिअँपिअरच्या पुढें धरलेली वस्तु आपल्या इच्छेनें सोडतां येत नाहीं असें आढळलें. मुलांची सहनशक्ति त्याहूनही कमी मानतात. आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह क्षणभर छातींतून गेला तरी हृदयाचा ठोका बिघडूं शकतो.

मग उपाय काय? याच डॅलझिएल यांनीं १९६१ मध्यें माणसाचा जीव वांचविणाऱ्या एका स्विचाची रचना केली. त्याच जातीचें जें साधन आज आपल्याकडे बाजारांत मिळतें, त्यास आर. सी. सी. बी. म्हणतात. त्याचें तत्त्व एखाद्या चोख हिशेबनिसासारखें आहे. फेजनें जितका प्रवाह आंत गेला तितकाच न्यूट्रलनें परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला कीं तें साधन सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आंत वीज तोडतें. पुष्कळांचा असा समज असतो कीं, घरांत एम. सी. बी. बसविल्या आहेत, आतां भय नाहीं. तो समज चुकीचा आहे. एम. सी. बी. तारेचें रक्षण करते; आर. सी. सी. बी. माणसाचें रक्षण करते. तिच्यावर एक लहानसें बटण असतें; तें महिन्यांतून एकदां दाबून वीज तुटते कीं नाहीं हें पाहावें. मात्र एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागला आणि पाय कोरड्या लाकडावर असले, तर हा हिशेबनीस फसतो. म्हणून त्याच्या भरंवशावर उघड्या तारेशीं खेळूं नये.

आमच्या घरीं पुढें जें काम झालें तें क्रमानें सांगतों, म्हणजे तपासणींत काय काय यावें हें आपणांस कळेल. पहिलें, अडीच मीटर लांबीचा, जस्ताचा मुलामा दिलेला नवा नळ मीठ व कोळसा यांचे थर देऊन पुरला, व उन्हाळ्यांत त्यांत पाणी घालण्याची सोय केली. रोध ५ ओमांच्या खालीं आला. दुसरें, प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार नेली. तिसरें, मेगर नांवाच्या यंत्रानें ५०० व्होल्ट दाब देऊन तारांचें वेष्टन तपासलें. तें किमान १ मेगोहम भरावें लागतें. चौथें, प्रत्येक स्विच फेजच्या तारेवरच आहे कीं नाहीं हें पाहिलें. आमच्या न्हाणीघरांतील स्विच न्यूट्रलवर निघाला. म्हणजे तो बंद केला तरी दिव्याच्या होल्डरांत वीज होतीच! पांचवें, मुख्य स्विचापाशीं आर. सी. सी. बी. बसविली. या सर्वांस दोन दिवस लागले.

दोन खोट्या उपायांविषयीं येथेंच बजावून ठेवितों. कोणी अर्थिंगची तार न्यूट्रललाच जोडून देतात. अशा घरीं न्यूट्रल कोठें तुटली तर प्रत्येक उपकरणाचें अंग फेजनें भारलें जातें. कोणी ती पाण्याच्या नळास बांधतात. पूर्वींचे लोखंडी नळ जाऊन आतां प्लॅस्टिकचे आले आहेत, त्यांतून वीज जात नाहीं.

हें काम कोणी करावें याविषयीं कायदाही स्पष्ट आहे. १९५६ चे भारतीय वीज नियम व पुढें त्यांच्या जागीं २०१० व २०२३ मध्यें केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें केलेले विनियम, या सर्वांत एक तत्त्व कायम आहे : दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तूंची साधी बदली सोडून घरांतील विजेचें काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानें, जाणत्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं, परवानाधारक माणसाकडून करून घ्यावें. हा परवाना पाहावयास मागण्यांत कोणाचा अपमान नाहीं. खरा कारागीर तो आनंदानें दाखवितो.

मित्रहो, आपण मुलें आहां. बोर्ड उघडणें, तारा जोडणें हें आपलें काम नव्हे, तें मुळींच करूं नये. परंतु पाहणें व विचारणें हें आपलें काम आहे. कूलरमध्यें पाणी भरण्यापूर्वीं स्विच बंद करून प्लग सॉकेटांतून काढावा, हें आपण घरांतील सर्वांस सांगूं शकतां. कोणास धक्का बसून तो चिकटला असेल तर त्यास हात लावूं नये. आधीं मुख्य स्विच बंद करावा. तें शक्य नसेल तर कोरड्या चपला घालून, कोरड्या लाकडी काठीनें त्यास दूर सारावें. श्वास थांबला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाब देत राहावें.

आतां वार्षिक परीक्षा होतील व तिच्यामागून उन्हाळा येईल. माळ्यावरचा कूलर खालीं उतरेल, त्यांत नवा वाळा भरला जाईल. त्या दिवशीं आपल्या वडिलांस अथवा आईस एकच प्रश्न विचारा : "या सॉकेटाच्या तिसऱ्या छिद्रामागें तार आहे का, आणि ती कोठें जाते?" उत्तर कोणासच ठाऊक नसेल, तर परवानाधारक वायरमन बोलाविल्याशिवाय कूलर सुरू करूं देऊं नका. आमच्या घरीं हा प्रश्न दोन उन्हाळे उशिरां विचारला गेला. आपल्या घरीं तो वेळेवर विचारला जावा, एवढ्याचसाठीं हें लिहिलें.