नोंदी पोहोचतात, कॅश पोहोचत नाही

चार डिरेक्टरी सर्व्हर, चारही रेप्लिकेशनने जोडलेले, तरी तक्रार कायम: लॉगिन कधी चटकन होते, कधी रखडते. रेप्लिकेशनमध्ये खोट नव्हती. चारही ठिकाणी तीच नोंद, तोच पासवर्ड. प्रस्तुत लेखकाने हाताळलेल्या या प्रकरणाचा उलगडा झाला तो प्रत्येक सर्व्हरची कॅश स्वतंत्रपणे पाहिल्यावर. तीन जुन्या सर्व्हरवर ती विचारपूर्वक वाढवलेली होती. नंतर जोडलेला चौथा मूळ सेटिंगवरच चालत होता. लोड बॅलन्सर ज्याची विनंती त्या चौथ्याकडे धाडी, तो ताटकळे.

ही यंत्रणा ३८९ डिरेक्टरी सर्व्हरची. रेड हॅटने नेटस्केपचे हे सॉफ्टवेअर विकत घेतले आणि २००५ मध्ये मुक्तस्रोत केले. नावातला ३८९ हा एलडॅप या डिरेक्टरी प्रोटोकॉलच्या पोर्टचा क्रमांक. सर्व्हरची सेटिंग्ज ‘सीएन=कॉन्फिग’ या शाखेत असतात आणि रेप्लिकेशन त्या शाखेला हात लावत नाही. ते वाहून नेते माणसांच्या, गटांच्या नोंदी. हे योग्यच आहे. एका यंत्रात ६४ जीबी रॅम आणि दुसऱ्यात ८ जीबी असेल, तर दोघांना एकच आकडा कसा चालेल?

म्हणून प्रत्येक सर्व्हरचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

सुरुवात एन्ट्री कॅशपासून करावी. तिचा मूळ आकार जुन्या आवृत्त्यांत १० एमबी होता, पुढे २०० एमबी झाला. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षी बसवलेले सर्व्हर मुळातच वेगळे निघू शकतात. नोंद डिस्कवरच्यापेक्षा मेमरीत जास्त जागा खाते, हेही हिशेबात धरावे. हजारो सदस्यांचा गट ही एकच नोंद असते. कॅश तोकडी असली की तो गट पुन्हा पुन्हा डिस्कवरून उचलावा लागतो. मॉनिटर शाखेतले हिट रेशो चारही सर्व्हरवर शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की मागे पडणारा लगेच दिसतो.

सढळ हाताने वाढवणेही घातक. सर्व्हरची प्रोसेस कॅशच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त रॅम घेते, आणि मेमरी संपली की लिनक्स ती प्रोसेसच बंद पाडू शकतो. नव्या आवृत्त्या सुरू होताना उपलब्ध रॅम पाहून कॅशचा आकार स्वतः ठरवतात. हाताने आकडा द्यायचा तर आधी हे ऑटोसाइझ शून्यावर आणावे.

हे नियम ओपनएलडॅप या दुसऱ्या डिरेक्टरी सर्व्हरला जसेच्या तसे लावू नयेत. २.५ आवृत्तीत जुने बर्कली डीबीवरचे बॅकएंड काढून टाकले गेले. त्याचा एमडीबी बॅकएंड स्वतःची एन्ट्री कॅश ठेवतच नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवर विसंबतो.

कॅशचे आकडे प्रत्येक सर्व्हरच्या उभारणीच्या स्क्रिप्टमध्ये, त्याच्या रॅमप्रमाणे लिहून ठेवावेत. बदल केल्यावर सर्व्हर एकेक करून रीस्टार्ट करावेत: आधी लोड बॅलन्सरमधून काढावा, मग रीस्टार्ट करावा, नेहमीचे सर्च चालवून कॅश भरू द्यावी, आणि हिट रेशो सावरल्यावरच पुढच्याला हात घालावा.