विकाराबादची सहल आणि हातचं चीज : खर्च किती, किंमत कशाची?

हैदराबादच्या पश्चिमेला मोईनाबाद, चेवेल्ला, शंकरपल्ली ते विकाराबाद हा पट्टा शेतघरांचा आणि दुधाचा आहे. रविवारी शहराबाहेर पडायचं, अनंतगिरीच्या टेकड्यांत फिरायचं आणि येताना एखाद्या छोट्या दुग्धशाळेतून ताजं चीज आणायचं, असा बेत आता बरीच मराठी कुटुंबंही आखतात. दोनशे ग्रॅमच्या गोळ्याची किंमत ऐकली की मात्र हात आखडतो. ही किंमत वाजवी की अवाजवी, हे घरच्या हिशेबानेही ताडता येतं. खाली दिलेल्या रकमा दोघांच्या एका दिवसासाठीच्या अंदाजे आहेत.

जाण्यायेण्याचा खर्च

विकाराबाद हैदराबादपासून साधारण 75 किलोमीटर. चेवेल्लामार्गे गेलात तर जुन्या वडांची दुतर्फा रांग लागते. रस्ता काही भागांत अरुंद आहे आणि जड वाहनं भरपूर, म्हणून परतीचा प्रवास अंधारापूर्वी करावा. आसपासच्या फिरण्यासह 200 किलोमीटर आणि लिटरला 15 किलोमीटर धरले, तर 13-14 लिटर पेट्रोल लागतं. लिटरला 107 रुपयांप्रमाणे ते सुमारे 1,450 रुपये. दिवसभराची भाड्याची गाडी 3,500 ते 4,500 रुपयांपर्यंत जाते.

सर्वांत स्वस्त अर्थातच रेल्वे. अनारक्षित तिकीट माणशी 50 रुपयांच्या आसपास, स्टेशनपासून अनंतगिरीला रिक्षा. लातूर, उदगीर, बीदरकडच्या वाचकांना तर विकाराबाद हे हैदराबादच्या वाटेवरचंच जंक्शन. मात्र चीज करणारा आडवाटेच्या शेतावर असेल, तर रिक्षा परतीसह ठरवून घ्या. एकेरी भाड्यावर गेलात तर परतीला वाहन मिळणं कठीण.

तिथला खर्च

अनंतपद्मनाभस्वामींचं देऊळ, मुसी नदीचा उगम आणि जंगलातल्या पायवाटा यांना फारसा खर्च नाही. कोटपल्ली जलाशयावर नौकाविहारासाठी माणशी 300 ते 500 रुपये बाजूला ठेवा. दोघांचा नाश्ता आणि जेवण 800 रुपयांत होतं. मुक्काम करायचा तर शेतघरांचे दर शनिवार-रविवारी चढे असतात. जेवणासह दोघांना 5,000 ते 8,000 रुपये लागू शकतात. ऑगस्ट ते जानेवारी हा इथला चांगला काळ.

चीजची किंमत कशी ठरते?

सप्टेंबर 2025 मध्ये चीजवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा अमूलच्या एक किलो प्रोसेस्ड चीजची छापील किंमत 575 वरून 545 रुपये झाली. छोट्या उत्पादकाचं ताजं मोझरेला किलोला साधारण 900 ते 1,400 आणि मुरवलेलं चीज 1,500 ते 2,500 रुपये पडतं. एवढा फरक येतो कुठून?

एक किलो घट्ट चीजला गाईचं सुमारे दहा लिटर दूध लागतं. लिटरला 70 रुपये धरले, तरी 700 रुपये दुधातच गेले. उरलेली नऊ लिटर निवळी बहुतेक ठिकाणी जनावरांच्या वाट्याला जाते. मुंबईच्या एलेफथेरियासारखे मोजके उत्पादक ती आटवून ब्रुनोस्ट हे नॉर्वेच्या पद्धतीचं तपकिरी चीज करतात. पुढचा खर्च मुरवण्याचा. 10 ते 13 अंश तापमान आणि दमट हवा महिनोन्‌महिने राखायची, तीही हैदराबादच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात. त्यात वजन घटतं आणि वीजबिल वाढतं.

म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळपास दुप्पट, त्यामुळे सहा-सात लिटरांतही किलोभर मोझरेला निघतं. इटलीतलं मूळ मोझरेलाही म्हशीच्याच दुधाचं. या भागात म्हशीचं दूध मुबलक असल्याने पैसे वसूल करायचे तर पहिली खरेदी ताज्या मोझरेलाची करावी.

उलट बाजूने पाहा. कोणी ‘शुद्ध दुधाचं मुरवलेलं चीज’ म्हणून 600 रुपये किलोने विकत असेल, तर दुधाचे पैसेही सुटत नाहीत. तिथे घटकांची यादी वाचा. त्यात वनस्पती तेल दिसलं, तर ते चीज नव्हे.

घेण्यापूर्वी विचारा

- दूध पाश्चराइज केलेलं आहे का? म्हणजे 63 अंशांवर अर्धा तास किंवा 72 अंशांवर 15 सेकंद तापवलेलं. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांसाठी कच्च्या दुधाचं चीज टाळा.
- पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि हिरवा ठिपका आहे का?
- पाण्यातल्या मोझरेलाचं निथळलेलं वजन किती? पाण्यासकट 200 ग्रॅम आणि निथळून 125 ग्रॅम, यात मोठा फरक पडतो. भाव नेहमी निथळलेल्या वजनावर काढा.
- चीज करताना पाहायला मिळेल का? हे काम बहुधा पहाटेच्या धारेनंतर सुरू होतं आणि रोज असतंच असं नाही. फोन न करता दुपारी पोचलात, तर धुतलेली भांडीच दिसतील. शुल्क आणि चव देण्याची पद्धतही फोनवरच विचारून घ्या.

आणणं आणि ठेवणं

थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या यांना 200 रुपये धरा. ताजं मोझरेला त्याच्याच पाण्यात ठेवून चार-पाच दिवसांत संपवा. मुरवलेलं चीज बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलं, तर काही आठवडे टिकतं. पहिल्यांदा प्रत्येक प्रकार 100-150 ग्रॅमच घ्या.

एकूण बेरीज

स्वतःच्या गाडीने : पेट्रोल 1,450, खाणं 800, नौकाविहार 800, चीज 1,000, डबा-बर्फ 200. एकूण 4,250 रुपये.

रेल्वेने : तिकिटं आणि रिक्षा मिळून 800, बाकी तेवढंच. एकूण 3,600 रुपये.

या बेरजेत चीजचा वाटा चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त. म्हणून फक्त चीजसाठी एवढं अंतर कापू नका. शहरात घरपोच देणारे आणि आठवडी सेंद्रिय बाजारात बसणारे उत्पादक आहेत, त्यांच्याकडून घेणं स्वस्त पडेल. टेकड्या पाहायच्या असतील आणि दुधाचं चीज होताना बघायचं असेल, तरच विकाराबादची सहल पैसावसूल आहे.